विटकरी लोकरीची कानटोपी

दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटले की यवतमाळची हवा बदलते. दुपारी ऊन तसंच असतं, पण पहाटे अंगणात पाय टाकला की फरशी तळव्याला चावते. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाऊ लागतात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. पूर्वी त्या गाड्यांना बैल असत, आता ट्रॅक्टर असतात. पुंजके मात्र तसेच अडकतात. चौकात लोकरीच्या कपड्यांची दुकानं मांडली जातात, दोरीवर टोप्या ओळीनं टांगलेल्या असतात, आणि मी तिथून जाताना उगाच एखादीचा काठ बोटांत धरून टाके बघते. दुकानदार विचारतो, आजी, कोणासाठी पाहिजे? मी म्हणते, कोणासाठी नाही, बघतेय.

हा ऋतू आला की मला अठ्ठावन्न सालचा हिवाळा आठवतो. आठवतो म्हणणंही बरोबर नाही. तो येऊन बसतो.

आम्ही तेव्हा दारव्ह्याला होतो. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. स्टेशनच्या अलीकडे कौलारू दोन खोल्या आणि मागे पडवी, एवढं भाड्याचं घर. छोटी गाडी शिट्टी देत आली की पडवीतल्या पितळी डब्यांची झाकणं थरथरायची. मी बारा वर्षांची, शकू पाच वर्षांची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत बाबांनी भात शिजवायला शिकून घेतलं होतं आणि मी पोळ्या लाटायला. घर कसंबसं चाललं होतं, आणि ते मी चालवते असं मला वाटत होतं.

त्या वैशाखात बाबांनी दुसरं लग्न केलं. ती पुसदकडची. नाव सुशीला, वय चोवीस. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर, पाठीवर चार बहिणी, म्हणून बिजवराला दिली. एक पत्र्याची पेटी घेऊन ती आमच्याकडे आली. रंगानं सावळी, हाडापेरानं मोठी, चालताना जोडव्यांचा आवाज होऊ नये म्हणून पाऊल जपून टाकणारी. माझी आई नागपूरची होती, पुस्तकातल्यासारखं बोलायची. ही 'मले, तुले' म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "तू काहून जेवून नाही राह्यली?" मी शकूकडे बघून तेच वाक्य तिच्याच चालीवर म्हणून दाखवलं. शकू हसली. तीही हसली. तिला वाटलं असावं की पोरी मोकळ्या होताहेत.

शकू महिनाभरात तिला आई म्हणू लागली. बाबांनी मलाही तसं सांगितलं होतं. मी आई म्हटलं नाही, मावशी म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. वाक्यंच अशी रचायची की हाक लागू नये. "भाजीत मीठ कमी आहे." "शाळेची फी द्यायची आहे." भिंतीला सांगितल्यासारखं. अगदीच समोरासमोर आलो तर 'तुम्ही'. घरातल्या बाईला 'तुम्ही' म्हणणारी मुलगी शेजारणींना सुसंस्कृत वाटायची.

आश्विन संपताना तिनं पेटीतून दोन सुया काढल्या. सायकलच्या तारा कापून, दगडावर घासून तिच्या भावानं करून दिलेल्या. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी तिला विणकाम शिकवलं होतं. दुपारी भांडी झाली की ती पडवीत खांबाला टेकून बसायची, आणि तारांचा बारीक टिकटिक आवाज सुरू व्हायचा. सुलट, उलट, सुलट, उलट. ती सुयांकडे बघायचीच नाही. तांदूळ निवडणाऱ्या शेजारणीशी बोलत असायची, आणि खाली मांडीवर टोपी वाढत असायची.

बाबांसाठी राखाडी लोकर आणली होती, शकूसाठी पिवळी. बाजारातल्या दुकानात कधीतरीच लोकर यायची, अमरावतीहून. तिसऱ्यांदा बाबा विचारायला गेले तर नव्हती. "संक्रांतीनंतर येईल म्हणतो," ते घरी येऊन म्हणाले. ती म्हणाली, "तवापर्यंत थंडी जाईन ना."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती पडवीत स्वतःचा स्वेटर उसवत बसली होती. विटकरी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. त्या नर्सबाईंनी बदली होऊन जाताना तिला दिलेला. तिच्याकडे गरम कपडा असा तेवढाच होता. बाही उसवून झाली होती, आणि धागा कुरळा होऊन सुपात साठत होता. मी दप्तर ठेवलं, पाणी प्यायले, आणि दारात उभी राहून बघत राहिले. उसवलेली लोकर तशीच विणता येत नाही, तिचा पीळ मोडावा लागतो. तिनं खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडा केला, कोमट पाण्यात बुडवला, आणि खालून पाट्यावरचा वरवंटा बांधून वळचणीला टांगला. दोन दिवस तो लडा थेंब थेंब गळत तिथे लोंबत होता. मी त्याच्याखालून जात-येत होते.

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे आयुष्यात मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की लहान होतीस, तुला काय कळत होतं. मला कळत होतं. ती स्वतःचा स्वेटर मोडून माझी टोपी करते आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. सकाळी चुलीपाशी ती बाबांचा जुना कोट खांद्यावर घेऊन बसायची, तेही मला दिसत होतं.

चार-पाच दिवसांनी टोपी माझ्या पुस्तकांवर ठेवलेली सापडली. घडी घालून, काठ वर. कान झाकणारी, हनुवटीखाली बांधायला गोफ, वर छोटा गोंडा. काठाला तिनं वेलीसारखी नक्षी घेतली होती, शकूच्या टोपीला नव्हती तशी. घरात कोणी नसताना मी ती एकदा घालून पाहिली. बरोबर बसली. कानांवर ऊब आली, आणि बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. मला बरं वाटलं. बरं वाटल्याचाच राग आला, आणि मी ती ओढून काढली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "घालून पाह्यली का वं?"

"नाही," मी म्हणाले. "मला लोकरीनं डोकं खाजतं."

"असं का," ती म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

आमच्याकडे मोळी विकायला धनीबाई यायची. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिच्या घागऱ्याला आरसे होते आणि ती अंगणात आली की भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायचे. तिच्याबरोबर तिची चार वर्षांची मुलगी असायची, झमकू. बाजाराच्या दिवशी सकाळी धनीबाई आली, तेव्हा आमच्या घरातली ती विहिरीवर गेली होती, बाबा आंघोळीला. झमकूचं नाक गळत होतं, डोकं उघडं होतं. मी आत गेले, विटकरी टोपी आणली आणि धनीबाईच्या हातात दिली.

"हिला घाल."

धनीबाई टोपी उलटीपालटी करून बघत राहिली. "नवी हाय ना बाई ही. तुही असंन."

"मला होत नाही," मी म्हणाले.

मला त्या मुलीची कीव आली नव्हती. खरं सांगायचं तर माझं तिच्याकडे लक्षही नव्हतं. मला एवढंच दिसलं की टोपी फाडली, फेकली, तर बाबा ओरडतील. गरिबाच्या पोराला दिली तर कोणी ओरडणार नाही. बाराव्या वर्षी मला एवढी अक्कल होती.

पुढच्या बाजाराला मोळी आली तेव्हा मी पडवीत गणितं करत होते. ती अंगण झाडत होती. झमकू आईच्या मागून आली, डोक्यावर ती टोपी. बारा वर्षांच्या मुलीच्या मापाची टोपी चार वर्षांच्या डोक्यावर, काठ भुवयांच्या खाली आलेला, मुलगी मान मागे टाकून समोर बघत होती. हनुवटीखाली गोफाची कशीतरी गाठ.

झाडू थांबला. मी वहीतून डोकं वर केलं नाही, पण पेन्सिलही पुढे सरकेना.

धनीबाई म्हणाली, "तुह्या लेकीनं देल्ली बाई. मी नाही मागतली. लय मायाळू पोरगी हाय तुही."

मग तिचा आवाज आला, नेहमीचाच.

"हो, मायाळू हाय."

तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि झमकूसमोर उकिडवी बसली. "इकडे ये वं. तुले दिसून नाही राह्यलं ना काही." टोपीचा काठ तिनं दोनदा दुमडून वर केला. वेलीची नक्षी घडीत गेली. मग घरात जाऊन सुई-दोरा आणला आणि मुलीच्या डोक्यावरच, टोचू नये म्हणून आत बोट घालून, दोन्ही बाजूंनी घडीला टाके घातले. गाठ सोडून नीट बांधली. "अशी बांधा लागते धनीबाई, कानाच्या खालून. नाही तं वारं शिरते."

झमकू तिच्या तोंडाकडे बघत होती. टाके घालून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला, झाडू उचलला आणि राहिलेलं अंगण झाडून काढलं.

मी वाट पाहत होते. ती बाबांना सांगेल, बाबा मला बोलतील, मी रडेन, आईचं नाव घेईन, आणि मग सगळं एकदाचं बोलून होईल. ती रात्र गेली, आठवडा गेला, तिनं कोणाला काही सांगितलं नाही. बाबांनी एकदा विचारलं, "हिची टोपी कुठे आहे?" तर ती म्हणाली, "लोकर टोचते तिले." मीच दिलेलं कारण तिनं माझ्यासाठी पुढे केलं. त्या हिवाळ्यात दर बाजाराला झमकू ती टोपी घालून आमच्या अंगणात आली.

पुढच्या वर्षी आश्विनात तिनं सुया काढल्या तेव्हा मी ठरवलं होतं की या वेळी विचारलं तर हो म्हणायचं. लोकर आली होती, हिरवी आणि तपकिरी. तिनं शकूची मोठी टोपी केली, बाबांना मफलर केला, शेजारच्या बाळंतिणीच्या बाळाला टोपरं केलं. मला विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गल्लीत बाळ जन्मलं की तिच्या हातचं टोपरं आधी पोचायचं, एवढं तिचं नाव झालं. मी तिच्या सुयांवरचे रंग बघत राहायची आणि हा कोणाचा असेल याचा अंदाज करायची.

एकदा, मी नववीत असताना, मी शकूला मोठ्यानं म्हणाले, "यंदा सकाळी शाळेत जाताना कान फार गार पडतात." ती स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू जाईल असंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अभ्यासाला उठले तर पायांशी शेगडी पेटवून ठेवलेली. निखारे छान फुललेले, वर राखेचा पातळ थर. मी पाय शेकत बसले, आणि मला रडू आलं ते धुरानं असं मी शकूला सांगितलं.

चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात गावातल्या बायकांनी जवानांसाठी लोकर गोळा केली. आमच्याकडे एक मोठं बोचकं आलं, सगळी खाकी. एका दुपारी ती म्हणाली, "जरा लडा धरतं का? शकू खेळाले गेली." मी तिच्यासमोर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. तिनं त्यांच्यावर लडा चढवला आणि धाग्याचं टोक शोधून गुंडा करायला लागली. धागा माझ्या डाव्या हातावरून सुटायचा, मग उजव्या, मग डाव्या. मला हात तसे हलवावे लागायचे. एवढ्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. कपाळावर कुंकवाच्या बाजूला देवीचा एक वण होता. चार वर्षं एका घरात राहून मला तो ठाऊक नव्हता.

"हात दुखून राह्यले का?"

"नाही."

"दुखले तं सांग."

तासभर आम्ही तशा बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं, की तेव्हा मी चुकले. पण लडा संपत आला, शेवटचे चार वेढे राहिले, आणि मग माझे हात मोकळे झाले आणि मी उठले. सरहद्दीवरच्या कोणा अनोळखी पोरांना तिच्या हातच्या टोप्या गेल्या. मी त्या मोजून बांधून दिल्या.

पासष्ट साली माझं लग्न झालं. यजमान यवतमाळला शाळेत मास्तर. शेजारी एक बाई विणकाम करायच्या, त्यांच्याकडे मी शिकायला बसू लागले. त्यांनी विचारलं, "माहेरी कोणाला येत नव्हतं?" मी म्हणाले, "येतं." "मग शिकवलं नाही?" मी सुया हातात घेतल्या. टाके घालायला लागल्यावर हातांना सवय असल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं चोरून बघत होते, ते कुठेतरी उतरलं असावं.

पहिली टोपी मी यजमानांना केली, मग दिरांना, मग माझ्या मुलाला. आपल्या माणसाची टोपी विणताना ते माणूस सारखं मनात असतं. याचे कान मोठे, याचं डोकं मागून चपटं, याला घट्ट आवडत नाही. डोळे मिटले तरी तळव्याला तो आकार कळतो. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी तिच्यासाठी टोपी सुयांवर घातली, जांभळ्या लोकरीची, आणि पन्नास-साठ टाके घालून हात थांबले. तिच्या डोक्याचा अंदाजच येईना. बाबांचा येत होता, शकूचा येत होता. तिच्या डोक्याला माझा हात कधी लागलाच नव्हता. तिनं मला न्हाऊ घातलं होतं, माझ्या वेण्या घातल्या होत्या, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. मी तिला कधी तेलाचं बोटही लावलं नव्हतं. शेवटी अंदाजानं विणली.

संक्रांतीला दारव्ह्याला गेले तेव्हा दिली. ती पडवीत तिळाचे लाडू वळत होती. हात पुसून तिनं टोपी घेतली आणि आधी आतली बाजू उलटून टाके बघितले.

"हात घट्ट हाय तुहा," ती म्हणाली. "धागा सैल सोडत जा. पण सुंदर केली."

घालून पाहिली तर अंबाड्याच्या वर अडकून बसली. खाली येईचना. शकू हसायला लागली, तीही हसली. मी नाही हसले. शकू चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी म्हणाले, "ती विटकरी टोपी..."

"कोणती?"

"स्वेटर उसवून केलेली. मी लहान असताना."

तिनं लाडूचं पातेलं जवळ ओढलं. "झमकूची? लय टिकली थे. तिच्या मागच्या दोन भावांनी घातली. धनीबाई सांगे." आणि एक लाडू वळून थाळीत ठेवत म्हणाली, "जुनी लोकर मजबूत राह्यते."

झमकूची. तिला खरंच तेवढंच आठवत होतं, की तिनं माझ्यापुढचं ते पान मुद्दाम उलटून टाकलं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता तर कळायचा काही मार्गच नाही. माफी मागायला आलेल्या माणसाला समोरचा म्हणाला की असं काही घडलंच नव्हतं, तर त्यानं ती माफी कुठे ठेवावी?

चैत्रात ती गेली. साध्या तापाचं निमित्त, चार दिवसांत आटोपलं. तार मिळाल्यावर निघाले, पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. मोठ्या मापाची दुसरी टोपी माझ्या सुयांवर चार बोटं झाली होती. तिचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, घरं बदलताना गेली कुठेतरी.

संक्रांतीच्या त्या दुपारचं मात्र एक सांगायचं राहिलं. चहा झाल्यावर तीच म्हणाली, "असं कर, माप घेऊन ठेव. पुढच्या थंडीले दुसरी करजो." आणि माझ्याकडे पाठ करून बसली. अंबाडा सोडला. केस पातळ झाले होते, मध्ये भांगात चौतिशीतच पांढरे. मी लोकरीचा एक धागा घेतला आणि तिच्या कपाळावरून, कानांच्या वरून, मागे आणला. टाळू उन्हात बसल्यानं गरम होती. खोबरेल तेलाचा आणि तिळाचा वास येत होता. बोटाखाली तिच्या कानशिलाची शीर उडत होती. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच.

"हलू नका."

"नाही हलत," ती म्हणाली.

धाग्याची दोन टोकं जुळली, मी गाठ मारली. माप घेऊन झालं होतं. मी सांगितलं नाही, हातही काढले नाहीत. आत शकू कपबशा विसळत होती. माझ्याकडे पाठ करून बसलेल्या तिला कळलं असणारच, माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही. पण ती तशीच बसून राहिली, मान ताठ धरून, जरासुद्धा न हलता.